उसन्या आवाजांचा धनी

२४ जानेवारी १९६१ ची रात्र. लॉस एंजेलिस शहरातील सनसेट बुलेव्हार्ड या रस्त्यावर, स्थानिक लोक ज्याला मृत्यूचे वळण म्हणत त्या ठिकाणी, दोन मोटारी समोरासमोर आदळल्या. त्यांपैकी एका मोटारीच्या ५२ वर्षांच्या चालकाचे दोन्ही पाय मोडले, कंबरेचे हाड तुटले आणि कवटीला तडे गेले. होनोलुलूच्या एका वृत्तपत्राने तर त्याच्या मृत्यूची बातमीही छापून टाकली. रुग्णालयात तो दोन आठवडे बेशुद्ध पडून होता. पत्नी आणि मुलगा उशाशी बसून हाका मारत होते. पण आपल्या नावाला तो ओ देत नव्हता. अखेर मेंदूविकारतज्ज्ञांनी त्याला त्याच्या नावाने हाक न मारता बग्ज बनी या सशाच्या नावाने विचारपूस केली. क्षीण स्वरात उत्तर आले, ते सशाच्याच आवाजात. पुढे डॉक्टरांनी दुसऱ्या एका व्यंगपात्राचे नाव घेतले, तेव्हा त्या पात्राच्या आवाजात उत्तर मिळाले. ब्लँक कुटुंबीयांनी पुढे अनेकदा सांगितलेली ही हकिकत आहे.

हा रुग्ण म्हणजे मेल ब्लँक. अमेरिकेच्या व्यंगपटसृष्टीतला सर्वाधिक ओळखला जाणारा आवाज. त्या अपघाताच्या वेळी ते ज्या मालिकेत काम करत होते, ती अमेरिकी दूरचित्रवाणीवर रात्रीच्या मुख्य वेळेत दाखवली जाणारी पहिली अ‍ॅनिमेटेड विनोदी मालिका होती : ‘द फ्लिन्टस्टोन्स’. अश्मयुगातील फ्रेड फ्लिन्टस्टोनचा शेजारी आणि जिवलग मित्र बार्नी रबल याला ब्लँक यांचा आवाज होता. फ्रेडच्या घरातला पाळीव डायनासोर डिनो, त्याचे भुंकणेही त्यांचेच.

ब्लँक यांचा जन्म ३० मे १९०८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला आणि बालपण ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात गेले. घराण्याच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी ‘के’ होता आणि त्याचा अर्थ ‘कोरा’ असा होत असे. शाळेत नकला करून वर्ग डोक्यावर घेणाऱ्या या मुलाला, तू तुझ्या आडनावासारखा कोराच राहशील, असे एका शिक्षिकेने सुनावले, असे ते सांगत. पुढे त्यांनी शेवटचा ‘के’ काढून तेथे ‘सी’ घातला. कोणाचाही आवाज स्वतःवर उमटवून घेण्याइतका हा माणूस कोरा होता, असे मात्र म्हणता येईल.

१९२७ पासून पोर्टलंडच्या नभोवाणीवर त्यांचे काम सुरू झाले. १९३३ मध्ये एस्टेल रोझेनबॉम यांच्याशी विवाह झाला आणि दोन वर्षांनी हे दाम्पत्य लॉस एंजेलिसला आले. लिऑन श्लेसिंगर यांच्या व्यंगपट कंपनीत शिरकाव व्हायला आणखी काही काळ लागला. मिळालेले पहिले काम होते एका दारुड्या बैलाचे. मग १९३७ मध्ये पोर्की हे डुक्कर, डॅफी हे बदक आणि १९४० मध्ये बग्ज बनी. पाहता पाहता एकाच गळ्यातून एक प्राणिसंग्रहालय बोलू लागले.

हे आवाज आकाशातून पडलेले नव्हते. त्या काळचे प्रेक्षक ज्यांना रोज ऐकत, पाहत, अशा लोकप्रिय मंडळींची छाया त्या व्यंगपटांवर असे. गाजर चघळत निवांतपणे बोलण्याची सशाची ढब १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या चित्रपटातील क्लार्क गेबल यांच्या प्रसंगावरून घेतलेली होती. फॉगहॉर्न लेगहॉर्न हा बडबड्या कोंबडा नभोवाणीवर गाजलेल्या क्लॅगहॉर्न नावाच्या काल्पनिक सिनेटरची नक्कल होता. प्रेमवेड्या पेपे ले प्यू या स्कंकच्या बोलण्यात फ्रेंच नट चार्ल्स बॉयर यांचा भास होई. आवाज उसने होते. पण ब्लँक त्यांत असे काही मिसळत की मूळ माणूस मागे राहून पात्र पुढे येई.

मेहनतीत कसूर नव्हती. गाजर खाण्याच्या आवाजासाठी ते खरे गाजर चावत आणि पुढचा संवाद म्हणता यावा म्हणून लगेच थुंकून टाकत. जॅक बेनी यांच्या नभोवाणी कार्यक्रमात जुन्या मॅक्सवेल मोटारीच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका ऐनवेळी वाजली नाही, तेव्हा त्यांनी तोंडानेच मोटार सुरू करून दाखवली. या कष्टांचा मोबदला मात्र बेताचा होता. वेतनवाढ मागितली असता श्लेसिंगर यांनी ती नाकारली, तेव्हा ब्लँक यांनी पैशांऐवजी पडद्यावर नाव मागून घेतले. आवाज देणाऱ्या कलावंताचे नाव झळकणे तेव्हा दुर्मीळच होते. त्या नावाने त्यांना घराघरांत पोहोचवले. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सशाचा पाठलाग करणाऱ्या एल्मर फडला आवाज देणाऱ्या आर्थर ब्रायन यांचे नाव पडद्यावर येत नसे. त्यामुळे सगळेच आवाज ब्लँक यांचे, असा समज पसरला.

३० सप्टेंबर १९६० रोजी एबीसी वाहिनीवर ‘द फ्लिन्टस्टोन्स’ सुरू झाली. मालिकेचा ढाचाच उसना होता. ‘द हनीमूनर्स’ या मालिकेतील बसचालक आणि त्याचा शेजारी असलेला गटार कामगार ही जोडी हॅना-बार्बेरा यांनी दगडाच्या युगात नेऊन बसवली होती. त्या शेजाऱ्याची भूमिका करणारे आर्ट कार्नी यांची नक्कल करण्यास ब्लँक यांनी नकार दिला आणि बार्नीला स्वतःचा आवाज दिला, असे सांगितले जाते. आयुष्यभर नकलांवर जगलेल्या माणसाने या ठिकाणी रेघ ओढावी, ही गोष्ट लक्षणीय आहे.

बेडरॉक नगरीतली खरी गंमत होती ती समकालीन लोकप्रिय गोष्टींच्या संदर्भांची. प्रत्येक प्रसिद्ध नावात एक दगड घातला जाई. हॉलिवूडचे हॉलीरॉक झाले. अभिनेत्री अ‍ॅन-मार्गरेट १९६३ मध्ये अ‍ॅन-मार्गरॉक म्हणून, तर टोनी कर्टिस १९६५ मध्ये स्टोनी कर्टिस म्हणून आले. दोघांनीही आपापले आवाज स्वतः दिले. हिचकॉक यांच्यावरून ऑल्विन ब्रिकरॉक निघाला. बार्नी आणि बेटी हे निपुत्रिक दाम्पत्य बाम-बाम या मुलाला दत्तक घेऊ पाहते, तेव्हा न्यायालयात त्यांच्या विरुद्ध उभा राहणारा वकील होता पेरी मेसनरी. आपल्याकडेही पेरी मेसनचे चाहते कमी नाहीत. त्या नावाला एक अक्षर जोडून त्याचे गवंडीकाम केलेले पाहून त्यांना हसू आल्याशिवाय राहणार नाही.

अपघाताच्या वेळी या मालिकेचे पहिलेच वर्ष चालू होते. बार्नीवाचून मालिका चालणे शक्य नव्हते. डॉज बटलर या सहकारी कलावंताने पाच भागांपुरता बार्नीचा आवाज दिला. ब्लँक यांची जागा कायमची जाण्याचा प्रसंग आला होता. पण मार्च महिन्यात ते घरी परतले आणि ध्वनिमुद्रणाची सामग्रीच त्यांच्या घरी आणण्यात आली. शरीरभर प्लास्टर, हालचाल अशक्य, वर टांगलेला ध्वनिक्षेपक आणि पलंगाभोवती उभे असलेले सहकलाकार. या अवस्थेत तो माणूस बार्नीचे ते खळखळते हसू हसत होता. त्या धोकादायक वळणाबद्दल त्यांनी नगर प्रशासनावर दावाही लावला आणि पुढे त्या वळणाची रचना बदलण्यात आली.

या कथेला एक काळी किनारही आहे. मालिकेच्या सुरुवातीच्या काळात विन्स्टन सिगारेट ही तिची प्रायोजक होती आणि जाहिरातीत फ्रेड व बार्नी घरामागे बसून धूर काढताना दिसत. ब्लँक स्वतः लहान वयापासून धूम्रपान करत आले होते. सत्त्याहत्तराव्या वर्षी फुप्फुसांचा एम्फिसिमा हा विकार निष्पन्न झाला, तेव्हा कुठे ते थांबले. ज्या श्वासावर हजारो संवाद उभे राहिले, त्यालाच ही कीड लागली होती. १९८८ मध्ये ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या चित्रपटात त्यांनी आपली जुनी पात्रे पुन्हा जिवंत केली. १० जुलै १९८९ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. त्यांचे व्यंगपट ज्या निरोपाच्या वाक्याने संपत, तेच वाक्य त्यांच्या इच्छेनुसार थडग्यावर कोरण्यात आले. मुलगा नोएल यानेही वडिलांकडून आवाजाची ही विद्या घेतली होती.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘द सिम्पसन्स’ ही मालिका सुरू झाली. चित्रपट, गाणी, नेते, जाहिराती यांचे संदर्भ पेरण्याची बेडरॉकची परंपरा तिने कितीतरी पुढे नेली. १९९३ च्या एका भागात होमर सिम्पसन कामावरून सुटतो तो थेट फ्रेड फ्लिन्टस्टोनच्या थाटात गात. १९९७ मध्ये या मालिकेने ‘फ्लिन्टस्टोन्स’चा १६६ भागांचा विक्रमही मागे टाकला. जी मालिका दुसऱ्यांच्या संदर्भांवर उभी राहिली, तीच आता संदर्भ झाली होती.

१९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले आणि पुढे बेडरॉकचे हे शेजारी आपल्याही घरात शिरले. ते पाहणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मुलांनी ‘हनीमूनर्स’चे नावही ऐकलेले नव्हते. स्टोनी कर्टिसच्या विनोदावर हसण्यासाठी टोनी कर्टिस माहीत असावा लागतो, आणि काळाबरोबर अशा विनोदांची धार बोथट होत जाते. बार्नीच्या हसण्याला मात्र कोणतीही ओळख लागली नाही. गेबल, क्लॅगहॉर्न आणि बॉयर यांची नावे विस्मरणात गेली, तरी त्यांच्यावरून बेतलेला ससा, कोंबडा आणि स्कंक ओळखीचे राहिले. कोरा राहशील, असे ज्याला सुनावले गेले होते, त्याच्या उसन्या आवाजांचा हा हिशेब आहे.