वॅक्समन आणि मातीचे मौन

क्षयरोग म्हणजे मृत्यूचे आमंत्रण, असे ज्या पिढीने अनुभवले, तिला स्ट्रेप्टोमायसिनचे मोल निराळे सांगावयास नको. त्या औषधाशी निगडित असलेल्या सेल्मन वॅक्समन यांचे नाव मात्र आता श्रेयाच्या वादामुळेच अधिक घेतले जाते. वाद खोटा नव्हे. परंतु त्याच्या धुरळ्यात त्यांच्या हातून सुटलेला एक मोठा प्रश्न झाकला गेला आहे.

वॅक्समन यांचा जन्म १८८८ साली युक्रेनमधील नोवाया प्रिलुका या खेड्यात, ज्यू कुटुंबात झाला. १९१० मध्ये त्यांनी अमेरिका गाठली आणि न्यू जर्सीतील रटगर्स येथे शेतकी शिक्षण घेतले. विद्यार्थिदशेतच, १९१५ च्या सुमारास, त्यांनी मातीतून एक जीवाणू वेगळा काढला. बुरशीप्रमाणे तंतू पसरणारा हा जीव पुढे स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस या नावाने ओळखला गेला. त्यानंतरची सुमारे दोन तपे वॅक्समन मातीच्या कसाचा अभ्यास करीत राहिले. १९३९ मध्ये त्यांचे माजी विद्यार्थी रने द्युबो यांनी मातीतील जीवाणूपासून जंतुनाशक द्रव्य मिळविले, तेव्हा कोठे गुरूच्या प्रयोगशाळेची दिशा पालटली. १९४३ च्या ऑक्टोबरात अल्बर्ट शाट्झ या २३ वर्षांच्या विद्यार्थ्यास ग्रिसियसचेच दोन वाण गवसले. एक भरपूर खत घातलेल्या मातीतला, दुसरा कोंबडीच्या घशातला! त्यांतून स्ट्रेप्टोमायसिन लाभले. क्षयाच्या जंतूंवरील धोक्याचे प्रयोग शाट्झ यांनी तळघरात केले.

या औषधावरील मक्तेदारी सोडावयास वॅक्समन यांनी मर्क कंपनीला राजी केले, ही त्यांची थोरवीच होय. स्वामित्वधनातील स्वतःचा वाटा मात्र त्यांनी शिष्यास कळू दिला नाही. १९५० मध्ये शाट्झ न्यायालयात गेले. तडजोडीत त्यांस सहसंशोधक मानण्यात आले. तरीही १९५२ चे नोबेल एकट्या वॅक्समन यांस मिळाले. पद्धत गुरूची होती हे मान्य करूनही, हा अन्यायच होता असे म्हणणे भाग आहे.

परंतु सुटलेला प्रश्न निराळाच. ग्रिसियसचे काही वाण स्ट्रेप्टोमायसिन देतात, काही दुसरेच द्रव्य देतात, काही काहीच देत नाहीत. हे स्वतः वॅक्समन यांनी पाहिले होते. प्रतिजैविकांना निसर्गात विशेष स्थान नसावे, अशी त्यांची धारणा होती. १९६७ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ खोखलोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ए-फॅक्टर’ नावाचे एक द्रव्य शोधले. ते ज्या वाणास करता येत नाही, त्यास ना औषध साधते, ना बीजाणू. आणि ते अत्यल्प घालताच दोन्ही साधतात. पुढे जपानी शास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. जीवाणूंची वाढ होते तसा हा निरोप साचत जातो. पुरेसा साचला की जनुकावर पहारा देणारे एक प्रथिन दूर होते, दुसरे प्रथिन तयार होते, ते तिसऱ्यास जागे करते आणि मग स्ट्रेप्टोमायसिनची जनुके कामास लागतात. स्वतःच्याच विषापासून बचाव करणारे जनुकही त्याच वेळी जागे होते, ही योजना तर विलक्षणच.

वॅक्समन १९७३ मध्ये निवर्तले. २००८ मध्ये ग्रिसियसची संपूर्ण जनुकसंहिता वाचली गेली, तेव्हा अशा द्रव्यांसाठी जनुकांचे ३० हून अधिक संच तीत आढळले. प्रयोगशाळेच्या नेहमीच्या खाद्यावर त्यांतील बहुतेक निद्रिस्तच राहतात. म्हणून वॅक्समन यांच्या चाळणीस ते कधी लागलेच नाहीत.