झां सेर्व्हे स्टास

झां सेर्व्हे स्टास (२१ ऑगस्ट १८१३ – १३ डिसेंबर १८९१) हे बेल्जियन रसायनशास्त्रज्ञ होते. अणुभारांचे अचूक मापन आणि मृतदेहातील वनस्पतिज विषे शोधण्याची पद्धत यांसाठी ते प्रसिद्ध आहेत.

जीवन

स्टास यांचा जन्म लूव्हेन येथे झाला. त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, परंतु त्यांचा ओढा रसायनशास्त्राकडे होता. पॅरिसमध्ये झां बातीस्त द्यूमा यांच्यासमवेत त्यांनी कार्बनाचा अणुभार नव्याने ठरविला. १८४० मध्ये ते ब्रसेल्सच्या लष्करी विद्यालयात प्राध्यापक झाले.

बोकार्मे खटला

त्या काळी आर्सेनिकासारखी खनिज विषे प्रेतात ओळखता येत असत. वनस्पतिज विषे मात्र शरीरात दिसेनाशी होत. त्यामुळे अशा विषाने खून करणारा पुराव्याअभावी सुटण्याचा संभव होता. नोव्हेंबर १८५० मध्ये बेल्जियमच्या बित्रमाँ वाड्यात ग्युस्ताव्ह फूनी याचा मृत्यू झाला. त्याच्या संपत्तीवर डोळा ठेवून त्याचा मेहुणा काउंट बोकार्मे याने तंबाखूच्या पानांतून स्वतः निकोटीन काढले होते. वास लपविण्यासाठी प्रेताच्या तोंडात व्हिनेगर ओतण्यात आले.

तपासणीसाठी अवयव स्टास यांच्याकडे आले. त्यांनी ते आम्लयुक्त अल्कोहोलात भिजवून गाळले व द्राव आटविला. आम्लात निकोटीन लवणरूपाने विरघळलेले राहते. दाहक पोटॅश घालताच ते मुक्त होते आणि ईथरमध्ये उतरते. ईथर उडून गेल्यावर तंबाखूच्या उग्र वासाचा तेलकट द्रव तळाशी उरला. त्या आधारे काउंट दोषी ठरला आणि १९ जुलै १८५१ रोजी मोन्स येथे त्याचा शिरच्छेद झाला. त्याची पत्नी लिदी, जी ग्युस्ताव्हची बहीण होती, निर्दोष सुटली.

निकोटीनाचा रंग

तंबाखूच्या पानांत निकोटीन सेंद्रिय आम्लांच्या लवणरूपाने असते. म्हणून ते काढताना प्रथम अल्क मिसळावा लागतो. शुद्ध निकोटीन रंगहीन व तेलकट असून सुमारे २४७° से. तापमानाला उकळते. हवा व प्रकाश लागल्यास त्याचे ऑक्सिडीकरण होऊन ते पिवळे, पुढे तपकिरी होते. अर्कातील अशुद्धींमुळेही रंग गडद दिसतो. त्यामुळे केवळ रंगावरून त्याचा जोर ठरविता येत नाही, आणि ते गडद बाटलीत, हवाबंद ठेवावे लागते. ते त्वचेतूनही शरीरात शिरते.

उत्तरायुष्य

१८६० व १८६५ मध्ये स्टास यांनी अनेक मूलद्रव्यांचे अणुभार प्रसिद्ध केले. सर्व अणुभार हायड्रोजनाच्या पूर्ण पटीत असतात, हे प्राउट यांचे गृहीतक त्यामुळे टिकू शकले नाही. घशाच्या विकारामुळे त्यांना अध्यापन सोडावे लागले. १८८५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना डेव्ही पदक दिले. ब्रसेल्स येथे त्यांचे निधन झाले.

फ्रीड्रिख युलियुस ओटो यांनी सुधारलेली त्यांची पद्धत ‘स्टास–ओटो पद्धत’ म्हणून भारतातही न्यायवैद्यक रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकविली जाते.