देव न मानणारे शीलवंत : आचार्य धर्मानंद कोसंबी

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आम्हा कुटुंबांना एक चिंता सदैव असते. बदलीच्या गावी देव्हारा आम्ही सामानाबरोबर नेतो, मंडळाचा गणेशोत्सवही चुकवीत नाही. परंतु मुले मोठी होतात आणि एके दिवशी त्यांतील एखादा आपण देव मानीत नसल्याचे सरळ सांगून मोकळा होतो. देवच नाही, तर याच्या वागण्याला धरबंध कोणता राहणार, या विचाराने आईबाप अस्वस्थ होतात. केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त आम्ही वाराणसीस आलो, तेव्हा हा प्रश्न आमच्याही घरात उभा होता. त्याचा विचार करताना आम्हांस आधार मिळाला तो याच नगरीत विद्यार्थिदशा घालविलेल्या एका मराठी पुरुषाच्या चरित्राचा.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. घरची स्थिती बेताची, शालेय शिक्षण नाममात्र. ‘बालबोध’ मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि या महापुरुषाचा धर्म मुळातून जाणून घ्यावा, या ध्यासाने त्यांना घेरले. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे व ग्वाल्हेर करीत ते काशीस पोहोचले. येथे अन्नछत्रात जेवून आणि कमालीचे हाल सोसून ते गंगाधरशास्त्री तेलंग यांच्यापाशी संस्कृत शिकले.

येथे एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. घर सोडतेवेळी त्यांच्यामागे पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी होती. ज्ञानासाठी का होईना, त्यांना मागे टाकून जाणे नीतीच्या कोणत्या खात्यात मांडावे, हे आम्हांस आजही सांगता येत नाही. स्वतः कोसंबींनी ‘निवेदन’ या १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ही हकीकत झाकून ठेवलेली नाही. आपल्या उणिवा लोकांपुढे मांडण्यास जे धैर्य लागते, ते त्यांच्यापाशी होते.

काशीहून ते नेपाळ, बुद्धगया असे हिंडत सिंहलद्वीपास गेले. तेथे १९०२ मध्ये त्यांनी बौद्ध श्रामणेराची दीक्षा घेतली, पाली आत्मसात केली आणि पुढे ब्रह्मदेशातही वास्तव्य केले. परत आल्यावर त्यांनी चीवर उतरविले व संसाराचा भार पुन्हा उचलला. कलकत्ता विद्यापीठातील अध्यापन सोडून, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून सयाजीराव गायकवाडांचे महिना ५० रुपयांचे साहाय्य त्यांनी पसंत केले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवून त्यांनी पालीच्या अभ्यासकांची एक पिढी घडविली. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी ते अनेकदा गेले. तेथे श्रेयाच्या प्रश्नावरून मतभेद होऊन १९१२ मध्ये ते परतले. तथापि काम अपुरे ठेवणे त्यांस रुचले नाही आणि पुन्हा जाऊन त्यांनी ते तडीस नेले. तो ग्रंथ छापून निघाला १९५० मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला, आणि १९३७ मध्ये परळच्या कामगार वस्तीत बहुजनविहार उभारला.

या साऱ्या आयुष्यात सृष्टिकर्त्या ईश्वराला स्थान नव्हते. सारनाथच्या पहिल्या प्रवचनात बुद्धाने अष्टांगिक मार्ग सांगितला, तो कोणा ईश्वराची आज्ञा म्हणून सांगितला नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते, एवढ्या पायावर तो उभा आहे. जैन परंपरेनुसार पार्श्वनाथांचा जन्मही काशीचाच, आणि तीही परंपरा जगाचा कर्ता मानीत नाही. अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह या त्यांच्या चार यामांवर कोसंबींनी उत्तरायुष्यात एक ग्रंथ लिहिला. विश्वनाथाच्या या नगरीच्या कुशीतच ईश्वराविना नीती शिकविणाऱ्या दोन परंपरा नांदत आल्या, हे आमच्या ध्यानात कोसंबींमुळे आले.

कोणी म्हणेल, देव नसला तरी कर्मफल आहेच. धाक तोच, केवळ नाव निराळे. आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. परंतु कर्माला नवस बोलता येत नाही, की अभिषेक करून त्याची मर्जी संपादता येत नाही. केलेले निस्तरण्याची जबाबदारी सर्वस्वी करणाऱ्यावर येते. आम्ही सरकारी नोकरीत उभे आयुष्य घालविले. सोमवारचा उपास कडक पाळून टेबलाखालून हात पुढे करणारे आम्ही पाहिले, आणि देवळाची पायरी न चढता दिडकीलाही न शिवणारेही पाहिले. अर्थात भक्तिभावाने निर्मळ राहिलेलेही पुष्कळ पाहिले. म्हणून श्रद्धा निरुपयोगी, असे आमचे म्हणणे नाही. तिच्यावाचून शील उभे राहतच नाही, एवढेच म्हणणे आता आम्हांस मान्य नाही.

कोसंबींचा शेवटही याच विचाराला धरून झाला. शरीर व्याधींनी जर्जर झाले, ते कोणाच्या उपयोगी न पडता भार होऊ लागले, असे वाटून १९४६ मध्ये दोहरीघाट येथे त्यांनी देहत्यागासाठी उपोषण आरंभिले. गांधीजींच्या आग्रहास्तव त्यांनी ते थांबविले. पुढे सेवाग्राम आश्रमात त्यांनी पुन्हा अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी शांतपणे देह ठेवला. अशा मरणाविषयी मतभेद होऊ शकेल; आमच्याही मनात तो आहे. परंतु नित्य रामनाम घेणाऱ्या गांधीजींनी ईश्वर न मानणाऱ्या या पंडिताचे स्मरण आपल्या प्रार्थनासभेत आदराने केले. दोघांनी एकमेकांना ओळखले, ते आचरणावरून.

सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी आम्ही आमच्यासारख्या आईबापांना एवढेच सुचवू इच्छितो. मुलगा समईपुढे हात जोडीत नसेल, तर लगेच त्याच्यावर हताश होऊ नये. तो खरे बोलतो का, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावतो का, दुबळ्याशी कसा वागतो, हे आधी पाहावे. आणि तेच प्रश्न, देव्हाऱ्यासमोर बसल्यावर, आपण स्वतःलाही विचारावेत.