सुताराचा मुलगा आणि रडारचे पेटंट

आपल्या मराठवाड्यात वळवाचे ढग जमले की रेडिओत खरखर सुरू होते. ही खरखर म्हणजे विजेने सोडलेल्या लहरी. तिच्यावरून वादळ कोठे आहे ते काढावे आणि वैमानिकांना सावध करावे, या कामाला 1915 साली ब्रिटिश हवामान खात्यात एक तरुण लागला. त्यांचे नाव रॉबर्ट वॉटसन-वॅट.

स्कॉटलंडमधील ब्रेकिन या लहानशा गावी 1892 साली एका सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिष्यवृत्तीच्या बळावर ते डंडीच्या कॉलेजात शिकले व इंजिनिअर झाले. नांदेड-लातूरच्या कारागीर पालकांनी ही ओळ पुन्हा एकदा वाचावी.

1935 साली सरकारने त्यांना विचारले, रेडिओच्या किरणांनी शत्रूचे विमान पाडता येईल काय? त्यांचे सहायक अर्नोल्ड विल्किन्स यांनी हिशेब मांडला. विमान पाडता येणार नव्हते. मात्र त्यावर आदळून परतणाऱ्या लहरी टिपता येणार होत्या. 26 फेब्रुवारी रोजी डॅव्हेंट्री येथील बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरींतून एक बॉम्बफेकी विमान उडविले आणि ते सुमारे 13 किलोमीटरवर असताना हेरले गेले. त्याच वर्षी पेटंटसाठी अर्ज झाला. पण मामला लष्करी, म्हणून तो 1947 पर्यंत गुप्तच राहिला. दरम्यान 1940 साली जर्मन विमाने ब्रिटनवर चालून आली, तेव्हा किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांना त्यांची चाहूल आधीच लागत असे.

युद्ध संपले आणि प्रश्न उभा राहिला, रडार कोणाचे? जर्मनीच्या क्रिश्चियन हुल्समायर यांनी लहरींनी जहाज ओळखण्याचे पेटंट 1904 सालीच मागितले होते. बिचाऱ्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही. अमेरिकन नौदलाच्या टेलर, यंग व हायलंड यांना 1934 साली असेच पेटंट मिळालेले. तरीही वॉटसन-वॅट यांनी आपल्या सरकारकडे मोबदल्याचा दावा लावला, आणि शोधकांचा मोबदला ठरविणाऱ्या रॉयल कमिशनने 1952 साली त्यांना सुमारे 50 हजार पौंड दिले. विल्किन्स यांच्या वाट्याला त्याहून बरेच कमी आले. ज्याने हिशेब मांडला त्याला नावही थोडे आणि पैसाही थोडा, हे मनाला पटत नाही. पण मनोऱ्यांची साखळी वॉटसन-वॅट यांनीच उभी करून घेतली, हेही खरे.

पुढे कॅनडात मोटार वेगाने हाकल्याबद्दल पोलिसांनी त्यांना अडविले. वेग मोजला होता रडारनेच! 1973 साली त्यांचे निधन झाले.