मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर : एका कष्टाळू कलावंताचे चरित्र

आपल्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे अल्पचरित्र देण्याची प्रथा आहे. बहुधा तो पुरुष आपल्याच ज्ञातीतील असतो, आणि ते उचितही होय. प्रस्तुत लेखात मात्र ज्ञातीबाहेरील एका गायक-संगीतकाराचे चरित्र मी ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे. मुलाचे लक्ष गाण्याकडे लागले, असे कळताच आजही आपल्यापैकी पुष्कळ पालकांच्या कपाळास आठी पडते. गाण्यावर पोट भरते काय आणि गाण्याने समाजाचे काही भले होते काय, हे त्यांचे दोन प्रश्न असतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे उपदेशापेक्षा एका आयुष्यातून अधिक चांगली मिळतात.

कृष्णा गणेश फुलंब्रीकर यांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी देवाची आळंदी येथे झाला. मराठवाड्यातील फुलंब्री या गावावरून घराण्यास हे आडनाव पडले. आवाज गोड म्हणून हा मुलगा लहान वयातच नाट्यकलाप्रवर्तक मंडळीत दाखल झाला. तेथे सवाई गंधर्वांचे मार्गदर्शन त्यास लाभले. त्या काळी रंगभूमीवरील बालनटाच्या नावामागे ‘मास्टर’ हे उपपद लावीत. नट मोठा झाला म्हणजे ते बहुधा गळून पडे. कृष्णरावांचे मात्र ते जन्मभर टिकले. पुढे शेकडो शिष्यांस शिकवून त्यांनी ते खऱ्या अर्थाने सार्थ केले.

१९११ च्या सुमारास गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचे शिष्यत्व त्यांना मिळाले. बुवांनी ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या मोठ्या कष्टाने संपादिली होती. ती विद्या आणि तिच्याबरोबर कष्टाची सवय, असा दुहेरी वारसा शिष्याकडे आला. १९२२ साली बुवा निवर्तले. त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीच्या नव्या नाटकांना चाली देण्याचा भार मुख्यतः कृष्णरावांवर पडला. स्वतः भूमिका करावयाची, तालमी घ्यावयाच्या, आणि नाटककाराने पद लिहून दिले की त्यास चाल लावावयाची, असा तो व्यवसाय होता. ‘मेनका’ (१९२६) आणि ‘कान्होपात्रा’ (१९३१) ही त्या काळातील त्यांची ठळक कामे होत.

येथे खानदेशाचा संबंध सांगितलाच पाहिजे. ज्या बालगंधर्वांच्या कंठातून या चाली महाराष्ट्रभर गेल्या, त्यांच्या बालपणाचा काही काळ जळगावात गेला होता. गाण्याचे पहिले धडे त्यांनी तेथेच मेहबूबखाँ यांच्याजवळ घेतले. जळगावचे खुले नाट्यगृह त्यांचेच नाव धारण करून उभे आहे. तेव्हा कृष्णरावांच्या कीर्तीत आपल्या भूमीचाही अंशमात्र वाटा आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१९३१-३२ च्या सुमारास बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांची दैना सुरू झाली. नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. कित्येक गुणी नट देशोधडीस लागले. कृष्णराव काळास दूषणे देत बसले नाहीत. त्यांनी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचे काम पत्करले. रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकातील पद घोळवून गाता येत असे; चित्रपटात तीन-चार मिनिटांत सर्व आटोपावे लागे. हा नवा हिशेबही त्यांनी आत्मसात केला. ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘अमरज्योती’ (१९३६), ‘गोपालकृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) हे चित्रपट त्यांच्या संगीताने गाजले. ‘माणूस’ मध्ये तर एकाच गाण्यात निरनिराळ्या भाषांतील कडवी गुंफून त्यांनी मौज उडवून दिली. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ ला चाली देऊन ते पुन्हा रंगभूमीकडे वळले, आणि १९४४ च्या ‘भक्तीचा मळा’ या चित्रपटात सावता माळ्याची भूमिकाही त्यांनी केली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. गाण्यावर पोट भरते. परंतु जो नवे शिकण्यास कधी कंटाळत नाही, त्याचेच भरते.

आता दुसरा प्रश्न. परकीय अमदानीत नभोवाणीवर वंदे मातरम् गाण्यास मज्जाव झाला, तेव्हा कृष्णरावांनी नभोवाणीवर गाणेच सोडले. उत्पन्नावर व प्रसिद्धीवर त्यांनी पाणी सोडले, ते १९४७ पर्यंत. पुढे राष्ट्रगीताचा प्रश्न निघाला. हे गीत समुदायाने एकसुरात म्हणता येत नाही व बँडवर वाजविता येत नाही, असा त्यावर आक्षेप होता. कृष्णरावांनी झिंझोटी रागात त्याची सोपी, सर्वांस झेपणारी चाल बांधली, वाद्यवृंदावरही ती बसविली आणि दिल्लीस जाऊन घटना समितीच्या सभासदांपुढे प्रात्यक्षिके केली. ज्याने वर्गातील पन्नास मुलांकडून एक समूहगीत म्हणवून घेण्याचा यत्न केला आहे, त्यासच या कामाची अवघडता कळेल. तेथे तानेची करामत उपयोगी पडत नाही. सर्वांत कच्च्या आवाजाच्या मुलास जे झेपेल, तेच टिकते. एका ख्यालगायकाने ही मर्यादा आनंदाने स्वीकारली, हे मला त्यांच्या मैफलींइतकेच मोलाचे वाटते. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले आणि वंदे मातरम् ला समान मानाचे स्थान मिळाले. निकाल सर्वस्वी मनासारखा लागला नाही, तरी त्यांचे श्रम वाया गेले नाहीत. ज्या खानदेशाने १९३६ साली फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन भरविले, त्यास त्या गीताची थोरवी निराळी सांगावयास नको.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या इच्छेवरून त्यांनी पाली भाषेतील बुद्धवंदनेस चाल दिली. नागपूरच्या धर्मदीक्षेच्या वर्षी, म्हणजे १९५६ साली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली. वैदिक परंपरेत जन्मलेल्या या गायकाने पाली उच्चारांचा अभ्यास करून हे काम केले. सूर कोणा एका ज्ञातीची मिरास नव्हे, हे त्यांनी न बोलता दाखविले. ज्ञातिसंस्थेच्या पुस्तकात हे मुद्दाम नमूद करणे मला आवश्यक वाटते. आपण आपला संघ जोपासावा, परंतु दार उघडे ठेवावे.

भास्करबुवांनी पुण्यात स्थापिलेल्या भारत गायन समाजाची धुरा कृष्णरावांनी दीर्घकाळ वाहिली. ‘रागसंग्रह’ या पुस्तकमालेतून त्यांनी बंदिशी स्वरलिपीसह सर्वांस खुल्या केल्या. राम मराठे, योगिनी जोगळेकर यांच्यासारखे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९७१ साली पद्मभूषण ही पदवी त्यांना मिळाली. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

आपल्या घरी एखादे मूल गुणगुणत असेल, तर त्यास एकदम गप्प करू नये, एवढीच पालकांस माझी विनंती आहे. त्यास प्रथम चांगला गुरू पाहून द्यावा आणि कष्टाची सवय लावावी. प्रत्येक मूल मास्टर कृष्णराव होणार नाही. परंतु शाळेच्या प्रार्थनेत, गावच्या भजनात, आपल्या वार्षिक मेळाव्यात चार माणसांस एका सुरात आणणारा मनुष्य प्रत्येक समाजास हवाच असतो. तो आपल्या घरातून निघाला, तर त्यासारखे दुसरे भूषण नाही.