पडद्याआडचा शिल्पकार

सर्गेई कोरोल्योव यांचा जन्म १२ जानेवारी १९०७ रोजी युक्रेनमधील झितोमिर या गावी झाला. आईवडील विभक्त झाल्यामुळे त्यांचे बालपण आजोळी, नेझिन येथे, बरेचसे एकाकी गेले. तेथेच त्यांनी पहिल्याने विमानाचे उड्डाण पाहिले आणि त्यांच्या मनाने आकाशाचा ध्यास घेतला. पुढे मॉस्को येथे त्यांनी विमानविद्येचे शिक्षण घेतले. १९३३ साली त्यांच्या मंडळाने आपला पहिला अग्निबाण उडविला.

१९३८ साली खोट्या आरोपावरून त्यांना अटक झाली. कोलिमा येथील सोन्याच्या खाणीत त्यांना सक्तमजुरी करावी लागली. तेथील हालअपेष्टांत त्यांचे दात गेले, प्रकृती कायमची ढासळली. १९४४ साली त्यांची सुटका झाली. इतके सोसूनही त्यांनी अग्निबाणांचे काम सोडले नाही, हे नवलच म्हटले पाहिजे.

१९५७ साली योजलेला अवजड उपग्रह वेळेवर तयार होईना. तेव्हा एक लहान, साधा उपग्रह आधी सोडावा, असे कोरोल्योव यांनी ठरविले. तोच स्पुटनिक! ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोग्रॅम वजनाचा तो एक चकचकीत गोळा होता. त्याच्या संदेशलहरींची लांबी सुमारे १५ व ७.५ मीटर होती. आखूड अँटेना अशा लहरी नीट फेकू शकत नाही. आणि अग्निबाणाच्या निमुळत्या टोकात लांब अँटेनाला जागा कोठली? म्हणून तज्ज्ञांनी २.४ व २.९ मीटर लांबीच्या दोन-दोन दांड्या टोपणाखाली मिटवून बसविल्या. टोपण उडून उपग्रह सुटा झाला, की स्प्रिंगांच्या जोराने त्या छत्रीच्या काड्यांप्रमाणे फाकावयाच्या होत्या. त्या न फाकल्या, तर उघडावयास तेथे कोण जाणार? शिवाय गोळा गिरक्या घेणार. तेव्हा कोणत्याही बाजूस संदेश पोहोचावा, अशी त्यांची मांडणी होती.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी अग्निबाण झेपावला. थोड्याच वेळात ‘बीप बीप’ असा नाद ऐकू आला. दांड्या उघडल्या होत्या! सहकारी हर्षभरित झाले. परंतु कोरोल्योव थांबले. सुमारे दीड तासाने, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून तोच नाद परत आला, तेव्हाच त्यांनी वरिष्ठांना वार्ता कळविली. सुमारे तीन आठवड्यांनी उपग्रहातील विद्युत्घट संपले. ४ जानेवारी १९५८ रोजी तो वातावरणात जळून गेला.

हे कोणी घडविले, असे सारे जग विचारू लागले. सोव्हिएत सरकारने ते नाव गुप्त ठेवले. १९६१ साली अंतराळात गेलेल्या गागारिन यांचा जगभर सत्कार झाला; त्यांना धाडणारे कोरोल्योव पडद्याआडच राहिले. १४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रिया चालू असता त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतरच वृत्तपत्रांनी त्यांचे छायाचित्र व कार्य लोकांपुढे आणले.