विल्यम विल्बरफोर्स : पार्लमेंटांतील एक ख्रिस्तसेवक

विद्यार्थी मित्रहो, राजकारण म्हणजे चिखल, भल्या माणसानें त्यांत पाऊल घालूं नये, असें वडील मंडळींच्या तोंडून आपण पुष्कळदां ऐकतों. देवभक्तानें प्रार्थना करावी, शास्त्र वाचावें, आणि कारभार इतरांनीं पाहावा, अशी वांटणीच जणूं ठरून गेली आहे. १७८५ सालीं इंग्लंडांतील एका तरुणापुढें हाच प्रश्न उभा राहिला. त्यानें काय ठरविलें आणि त्या निश्चयापायीं त्याला काय सोसावें लागलें, हें या अल्प चरित्रांत पाहूं.

विल्यम विल्बरफोर्स यांचा जन्म २४ ऑगस्ट १७५९ रोजीं हल या बंदरीं एका सधन व्यापाऱ्याच्या घरीं झाला. लहानपणींच वडील वारल्यामुळें ते कांहीं काळ चुलता-चुलतीजवळ राहिले. तीं दोघें मोठीं भाविक होतीं. परंतु मुलगा धर्मवेडा होईल या भीतीनें आईनें त्यांना परत आणलें. केंब्रिज येथील शिक्षण आटोपून १७८० सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, ते हलतर्फें पार्लमेंटांत निवडून आले. या निवडणुकीपायीं आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली. मतदारांना खाऊपिऊ घालण्याची त्या काळीं रीतच होती. चार वर्षांनीं ते यॉर्कशायर या मोठ्या परगण्याचे प्रतिनिधि झाले. शरीर किरकोळ, डोळे अधू, पण वाणी मोठी रसाळ! मुख्य प्रधान विल्यम पिट हे त्यांचे जिवलग मित्र होते. मेजवान्या, गाणें व पत्त्यांचा जुगार यांत त्यांच्या रात्री जात.

अशा सुखांत असतां प्रवासामध्यें आयझॅक मिल्नर या विद्वान सोबत्याबरोबर त्यांनीं नवा करार वाचला, आणि त्यांचें मन पालटलें. गेलेलीं वर्षें व्यर्थ गेलीं असें वाटून ते व्याकुळ झाले. आतां राजकारण सोडून पाळक व्हावें काय? डिसेंबर १७८५ मध्यें ते लंडनांतील वयोवृद्ध पाळक जॉन न्यूटन यांच्या घरीं गेले. दार ठोठावण्याचें धैर्य होईना, म्हणून आधीं त्यांनीं चौकांत एक-दोन फेऱ्या घातल्या. न्यूटन हे स्वतः एके काळीं गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाचे कप्तान होते. पार्लमेंट सोडूं नका, देवाला तेथेंच तुमचा उपयोग करून घ्यावयाचा असेल, असा त्यांच्या सल्ल्याचा आशय होता. विल्बरफोर्स यांनीं तो मानला.

काम लवकरच पुढें आलें. आफ्रिकेंतील स्त्री-पुरुष व मुलें यांना जहाजांत कोंबून वेस्ट इंडीज बेटांवरील उंसाच्या मळ्यांत विकण्याचा धंदा इंग्रज व्यापारी राजरोस करीत होते. पुरुषांना बेड्या घालीत. कित्येक जण वाटेंतच मरत. १७८७ सालीं या व्यापाराविरुद्ध लंडनांत एक मंडळी स्थापन झाली. तिच्यापैकीं टॉमस क्लार्कसन यांनीं बंदरोबंदरीं हिंडून पुरावा गोळा केला. एके काळीं गुलाम असलेले ओलाउदा इक्वियानो यांनीं १७८९ सालीं आत्मचरित्र छापून आपली कहाणी जगापुढें मांडली. हजारों कुटुंबांनीं मळ्यांतील साखर वर्ज्य केली. पार्लमेंटांत बोलण्याचें काम विल्बरफोर्स यांनीं पत्करलें. १२ मे १७८९ रोजीं ते तीन तासांहून अधिक वेळ बोलले.

परंतु न्याय्य गोष्ट बोलून दाखविली म्हणजे ती होतेच असें नाहीं. १७९१ सालीं त्यांच्या बाजूस ८८ मतें व विरुद्ध १६३ मतें पडलीं. १७९६ सालीं बिल अवघ्या चार मतांनीं फेटाळलें गेलें. त्यांच्या पक्षाचे कित्येक सभासद त्या रात्रीं नवें संगीत नाटक पाहावयास गेले होते! प्रकृति खालावली, तरी ते पुन्हां पुन्हां बिल आणीत राहिले. अखेर २३ फेब्रुवारी १८०७ रोजीं २८३ विरुद्ध १६ मतांनीं यश आलें. सभागृहांत त्यांचा गौरव होत असतां ते मान खालीं घालून रडत होते.

हा पुरुष निर्दोष मात्र नव्हता. सभा व भाषणें यांवर बंधन घालणाऱ्या सरकारी कायद्यांना त्यांनीं पाठिंबा दिला; दूरच्या गुलामांचें दुःख यांना दिसतें, घरच्या मजुरांचें दिसत नाहीं, असा ठपका त्यांच्यावर आला, व तो अगदींच खोटा नव्हता. हिंदुस्थान त्यांनीं कधीं पाहिला नाहीं, तरी हिंदु धर्माविषयीं ते फार कठोर बोलले. १८१३ सालीं कंपनीच्या सनदेंत मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली ती मुख्यतः त्यांच्या खटपटीनें. त्याच वर्षीं मुंबईस आलेल्या गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांना परत पाठविण्याचा सरकारी बेत होता. तो टळला व अमेरिकन मराठी मिशनचें काम सुरू झालें. आपल्या प्रांतांतील मिशन शाळांच्या इतिहासाशीं त्यांचा असा संबंध पोंचतो.

व्यापार बंद झाला, तरी गुलामगिरी राहिलीच होती. १८२५ सालीं त्यांनीं पार्लमेंट सोडलें. काम टॉमस बक्स्टन यांनीं पुढें नेलें. १८३१ च्या अखेरीस जमेकांतील गुलामांनीं स्वतःच उठाव केला, त्यानेंही इंग्लंडचे डोळे उघडले. २६ जुलै १८३३ रोजीं मुक्तीचें बिल पार पडणार ही बातमी विल्बरफोर्स यांना कळली. २९ जुलैस त्यांनीं देह ठेविला. त्या कायद्यानें मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली, मुक्त झालेल्यांना कांहींच नाहीं. कंपनीचा हिंदी मुलूखही त्यांतून वगळला होता. येथें तसा कायदा १८४३ सालीं झाला.

मित्रहो, त्या चार मतांची आठवण ठेवा. त्या रात्रीं नाटकास गेलेले सभासद दुष्ट नव्हते. ते केवळ गैरहजर होते. उद्यां तुम्ही मतदार व्हाल, कोणी नगरपालिकेंत बसाल, कोणी कचेरींत. आपल्या श्रद्धेनें जें खरें म्हणून शिकविलें, त्यासाठीं त्या दिवशीं आपण आपल्या जागीं हजर असूं काय, हें प्रत्येकानें आपल्या मनाला विचारावें.